पाळी गेल्यानंतर वाढलेली साखर-चरबी आणि शेवाळाच्या हिरव्या गोळ्या : कुणाचा अनुभव?

कैरीचं_लोणचं | ४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं इथे नुसती वाचते आहे. पाककृतींखाली "मस्त" आणि भटकंतीच्या धाग्यांखाली "फोटो दिसत नाहीत" यापलीकडे काही लिहिलेलं नाही. पहिलाच धागा काढतेय तो पोटाच्या घेरावर, सांभाळून घ्या.

वय ५३. पाळी जाऊन चार वर्षं झाली. दीडेक वर्ष अंगातून वाफा यायच्या. रात्री पंखा पाचवर, मी घामाघूम आणि शेजारी नवरा गोधडीत गुंडाळलेला. ते थांबलं तेव्हा वाटलं, चला, सुटलो. सासूबाईपण हेच म्हणाल्या होत्या, "गेली ना, सुटलीस आता." कसलं काय. खाणं तेच, धावपळ तीच, पण परकराची नाडी दर दिवाळीला दोन बोटं पुढे सरकते. काट्यावर म्हणाल तर तीनच किलो वाढलेत, पण तिन्ही पोटावर. हातपाय उलट वाळल्यासारखे झालेत. कमरेचा घेर ९३ सेंमी.

गेल्या आठवड्यातले रिपोर्ट : उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५१, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१. थायरॉइडची ७५ची गोळी आठ वर्षं चालू. बीपी १३२/८४ च्या आसपास. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "तीन महिने खाणंपिणं सांभाळा, चाला, मग बघू." काय सांभाळायचं ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

आता मुद्दा. भिशीतली माझी मैत्रीण स्पिरुलिनाच्या गोळ्या विकते. साखळीतलं मार्केटिंग आहे, नाव लिहीत नाही. महिन्याची डबी १,९५० रुपयांना. म्हणे "मेटाबॉलिझम रीसेट होतो", साखर, चरबी, पोट सगळ्यावर चालतं, आणि पाळी गेलेल्या बायकांना तर हवंच. डबी माझ्या हातात देऊनच गेली. नाही म्हणणं मला जमलं नाही, कारण आईच्या शेवटच्या दुखण्यात हीच बाई माझ्यासोबत अकरा रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती. त्यामुळे "फेकून दे" असं सांगणाऱ्यांनी जरा हळू सांगा.

या शेवाळाने खरंच काही होतं का? थायरॉइडच्या गोळीबरोबर चालतं का? आणि त्याला वास का येतो तो?

अबोली_नाशिक | ४ जून, रात्री ११:०५

मी घेतलं सहा महिने, केसांसाठी. केस जात होते तसेच जात राहिले. आम्ही पक्के शाकाहारी, आणि डबी उघडली की नवरा विचारायचा, घरात सुकट कुणी आणली?

खवचट_खान्देशी | ४ जून, रात्री ११:१२

१,९५० रुपये कशाला? आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडा, हवं तेवढं शेवाळ खरवडून न्या. वर चहा माझ्याकडून.

हौदवाली | ५ जून, सकाळी ६:५०

@खवचट_खान्देशी, गमतीतही नको हो. कुणीतरी खरंच खरवडायचं.

आमच्या बचत गटाने चार वर्षं स्पिरुलिनाचे हौद चालवले, म्हणून थोडं सांगते. ज्याला आपण शेवाळ म्हणतो त्यातलं हे नव्हेच. हे नील-हरित जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. सूक्ष्मदर्शकाखाली स्क्रूच्या आट्यांसारखे पिळदार धागे दिसतात. याच्याच लांबच्या भावकीत मायक्रोसिस्टिस नावाचा एक आहे, साठलेल्या पाण्यावर हिरवी साय धरतो तो. त्याचं विष थेट लिव्हरवर जातं. म्हणून उघड्या तळ्यातलं, टाकीतलं काहीही पोटात घालायचं नाही.

स्पिरुलिनाला खारं, सोड्याचं पाणी लागतं. हौदात खायचा सोडा आणि मीठ घालून पीएच दहाच्या आसपास ठेवायचा. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात दुसरं फारसं काही जगत नाही, तीच त्याची राखण. ऊन हवं, पाणी ३०-३५ अंशांवर हवं, आणि सतत ढवळायला हवं. आमची फिरकी बिघडली की आम्ही बायका पाळीपाळीने झाडूने हलवायचो. चांगल्या दिवसांत चौरस मीटरमागे दिवसाला आठ-दहा ग्रॅम सुका माल निघायचा. बारीक कापडातून गाळायचं, दाबून पाणी काढायचं आणि शेवयांच्या सोऱ्यातून हिरव्या शेवया पाडून वाळवायच्या. वाळवायला उशीर झाला की जो वास सुटतो तोच अबोलीताईंच्या नवऱ्यांना आला. थोडा वास मुळातच असतो, पण सुकटीसारखा भपकारा आला तर माल नीट वाळलेला नाही किंवा जुना आहे.

आम्ही बंद का केलं? दर बॅचची जड धातूंची आणि जंतूंची तपासणी लॅबकडून करून घ्यायची तर नफा उरत नव्हता, आणि तपासणीशिवाय विकायला मन होईना. तेव्हा कैरीताई, आधी मैत्रिणीला विचारा, या बॅचचा शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा आणि मायक्रोसिस्टिनचा (मायक्रोसिस्टिसचं ते विष) रिपोर्ट आहे का. डबीवर "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत छापलेलं असेल तेही वाचा. पूरक आहारावर ते छापावंच लागतं.

लोणारचा_बापू | ५ जून, सकाळी ९:३०

स्पिरुलिनाचं नाव निघालं आणि आमच्या गावाचं नाही, असं कसं चालेल? बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर, अशनीच्या धडकेने बेसाल्टमध्ये झालेलं. पाणी खारं आणि अल्कधर्मी, आणि त्याचा हिरवा रंग याच कुळातल्या जिवांचा. पाणी त्याला मानवतं म्हणून तो तिथे आपोआप आहे, कुणी पेरलेला नाही. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं की तो रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचा. त्याच वर्षी तळ्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला.

आफ्रिकेत चाड सरोवराच्या भागातल्या कानेंबू बायका पिढ्यान्‌पिढ्या हे गाळून वाळूवर वाळवतात. त्या वड्यांना 'दिहे' म्हणतात आणि बाजरीसारख्या धान्याबरोबर त्याचं कालवण खातात. म्हणजे अन्न म्हणून ते जुनं आहे. डबीत घालून 'रीसेट' म्हणणं तेवढं नवीन.

(लोणारचं पाणी पिऊ नका. मागे एका पाहुण्याने बाटली भरून घेतली होती.)

सुखायू_कोच | ५ जून, सकाळी ११:१५

कैरीताई, निगेटिव्ह लोकांकडे लक्ष देऊ नका. स्पिरुलिनात ६० टक्के प्रोटीन आहे, अंड्यापेक्षा पाचपट! लोह आहे, बी-१२ आहे. शरीर डिटॉक्स होतं, हार्मोन बॅलन्स होतात. माझ्या एका क्लायंटची शुगरची गोळी दोन महिन्यांत बंद झाली. सविस्तर माहितीसाठी माझ्या प्रोफाइलमधल्या

*[प्रशासक : दूरध्वनी क्रमांक आणि विक्रीचा मजकूर काढला आहे. धाग्यावर जाहिरात नको.]*

आजी_ऑनलाइन | ५ जून, दुपारी १२:००

हार्मोन बॅलन्स म्हणजे नक्की काय रे बाबा? माझी पाळी जाऊन अठरा वर्षं झाली. तराजू आता कुठल्या बाजूला झुकलाय ते तरी सांग.

स्टेथोवाली | ५ जून, रात्री ९:४५

ओपीडी संपवून आत्ता निवांत बसले. मी फिजिशियन आहे, पण इथे कुणाला औषध सांगत नाही. समजावून मात्र सांगू शकते.

कैरीताई, तुमच्या डॉक्टरांनी जे सांगायला हवं होतं ते आधी. तुम्ही आळशी झालेल्या नाही. अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचं थांबवतात तेव्हा चरबी साठवायची जागा बदलते. आधी मांड्या-नितंबांवर साठायची ती आता पोटात, आतड्यांभोवती साठते. ही आतली चरबी गप्प बसत नाही. लिव्हरमध्ये चरबी उतरते, इन्सुलिनचा जोर कमी पडतो, ट्रायग्लिसराइड वाढतात आणि एचडीएल खाली येतं. त्याच सुमाराला स्नायू झडतात. म्हणून काटा तीन किलो दाखवतो पण नाडी दोन बोटं सरकते आणि हातपाय वाळतात. तुम्ही हे अगदी बरोबर टिपलंय.

अमेरिकेत १९९६ साली 'स्वॉन' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच बायकांना पाळी जाण्याच्या आधीपासून पुढे वर्षानुवर्षं तपासत राहिले. शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल कोलेस्टेरॉल स्पष्ट उडी घेतं, असं त्यात दिसलं. साखर आणि बीपी मात्र एकदम न वाढता वयाबरोबर सावकाश चढतात. म्हणजे सगळंच पाळीच्या माथी मारता येत नाही. आणि आपल्याकडे पाळी लवकर जाते, सरासरी ४६-४७ च्या सुमाराला. पाश्चात्त्य बायकांची ५१ च्या आसपास. चार-पाच वर्षं आधीच हे सगळं सुरू.

भारतीय बाईच्या कमरेची मर्यादा ८० सेंमी. तुमची ९३. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल ५० च्या खाली, उपाशीपोटी साखर १०० च्या वर, बीपी १३०/८५ च्या उंबरठ्यावर. या पाचांतले तीन असले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तुमचे पाचही आहेत. घाबरवत नाही. पण "तीन महिन्यांनी बघू" मधलं 'बघू' वहीत लिहून ठेवा, आणि आई-वडिलांना साठीच्या आत हृदयविकार झाला होता का हे डॉक्टरांना सांगा.

आता डबी. ६० टक्के प्रोटीन ही गोष्ट खरी आहे, पण कशाचे ६० टक्के? अर्ध्या ग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे दोन ग्रॅम माल, त्यात प्रोटीन सव्वा ग्रॅमसुद्धा नाही. मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेसात ग्रॅम असतं. एका अंड्यात सहा. अंड्याच्या पाचपट प्रोटीन हवं तर अंड्याएवढं स्पिरुलिना खावं लागेल, आणि ते कुणाच्याने होणार नाही.

लोहाचंही तेच. शंभर ग्रॅममध्ये २८ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, दोन ग्रॅममध्ये अर्धा मिलिग्रॅम. शिवाय पाळी गेल्यावर दर महिन्याचं रक्त जाणं थांबतं, लोहाची गरजच उतरते. बी-१२ तर सरळ फसवणूक आहे. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक 'स्यूडो' बी-१२. काही जुन्या तपासण्यांत ते खऱ्यासारखं मोजलं जातं, माणसाच्या शरीराला मात्र वापरता येत नाही. शाकाहारी बायकांनी, आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी तर नक्कीच, बी-१२ तपासून घ्यावं आणि कमी असेल तर साधी गोळी घ्यावी.

थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. लोह, कॅल्शियम, असल्या डब्या, सगळं चार तासांनंतर.

आणि सुखायू_कोच, साखरेची गोळी बंद करायला लावलेल्या पेशंट मी अतिदक्षता विभागात पाहिल्या आहेत. यापुढे इथे तसं लिहू नका.

मंदा_कोथरूड | ५ जून, रात्री १०:२०

लोहाच्या मुद्द्याला जोडून लिहिते. माझ्या जाऊबाई ५८ च्या. हिमोग्लोबिन ९ वर आलं. कुणीतरी सांगितलं म्हणून हिरवी पावडर ताकातून घ्यायच्या, वर्षभर. वाढतच नव्हतं. शेवटी मुलाने जबरदस्तीने नेलं, कोलोनोस्कोपी केली. मोठ्या आतड्यात पॉलिप होता, त्यातून रोज थोडं थोडं रक्त जात होतं. काढला, आता बऱ्या आहेत. पण ते वर्ष गेलंच ना.

स्टेथोवाली | ५ जून, रात्री १०:३१

मंदाताई, हे सगळ्यांनी दोनदा वाचावं. पाळी गेलेल्या बाईच्या अंगात लोह कमी पडलं तर ते कुठून गळतंय हे आधी शोधायचं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर खाली एक थेंब जरी डाग दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. "परत आली वाटतं" म्हणून हसायचं नाही.

आकडेमोड | ६ जून, सकाळी ८:१०

माझं काम औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या उत्साहावर पाणी ओततो, म्हणून आधीच माफी.

स्पिरुलिनावर काहीच पुरावा नाही असं नाही. बडोद्याच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली टाइप २ मधुमेहाच्या २५ जणांवर अभ्यास केला. दोन महिने, रोज दोन ग्रॅम. साखर आणि एचबीएवनसी उतरलं. ग्रीसच्या क्रीट बेटावर ५२ जणांना बारा आठवडे रोज एक ग्रॅम दिलं, तिथे ट्रायग्लिसराइड १६ टक्के आणि एलडीएल १० टक्के कमी झालं. ऐकायला छान. पण क्रीटच्या अभ्यासात खोटी गोळी घेणारा गटच नव्हता. माणसाला "तुझं कोलेस्टेरॉल वाढलंय, बारा आठवड्यांनी परत मोजू" म्हटलं की तो तेवढ्यात लोणी कमी करतो. शिवाय ज्यांचा आकडा आज सगळ्यात वर आहे त्यांचा पुढच्या वेळी आपसूकच थोडा खाली येतो, काहीही न करता.

छोट्या छोट्या चाचण्या एकत्र करून काढलेल्या आढाव्यांत कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटी साखरेवर किंचित चांगला परिणाम दिसतो. पण डोस एका ठिकाणी एक ग्रॅम, दुसरीकडे आठ. मुदत बहुतेक दोन-तीन महिने. बायका-पुरुष, तरुण-म्हातारे सगळे एकाच पोत्यात. पाळी गेलेल्या बायकांना वेगळं काढून, त्यांना हार्ट ॲटॅक कमी आले की नाही इथवर पोचेल एवढी मोठी चाचणी त्यात एकही नाही. मैत्रिणीच्या "पाळी गेलेल्यांना तर हवंच" या वाक्याला आधार नाही.

तुलना करायची तर, मध्यम डोसचं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवायचं औषध) एलडीएल ३० टक्क्यांहून जास्त खाली आणतं आणि हृदयविकार टळतात हे हजारो माणसांवर दिसलंय. महिन्याचा खर्चही डबीपेक्षा पुष्कळ कमी. स्टॅटिन घ्या असं मी म्हणत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

खवचट_खान्देशी | ६ जून, सकाळी ८:४०

थोडक्यात : जीव जाणार नाही, पैसे जातील.

पमी_परदेशी | ६ जून, सायंकाळी ५:५५

जीवावर नाही पण हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकतं, ऐका माझं. 'शेवाळ' या एकाच शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकतात. मी न्यू जर्सीत राहते, वय ५५. मला इथल्या एका हेल्थ फूड दुकानात केल्पच्या गोळ्या दिल्या, "फॉर मेटाबॉलिझम". केल्प म्हणजे समुद्रातलं मोठं तपकिरी शेवाळ, आयोडीनने ठासून भरलेलं. आपल्याला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. केल्पच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट असू शकतं. माझा थायरॉइड आधीच हाशिमोटोचा, म्हणजे शरीरच त्या ग्रंथीवर उलटलेलं. सहा आठवड्यांत टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) कुठल्या कुठे गेलं, छातीत धडधड, झोप नाही. डॉक्टरने पिशवी उघडून सगळ्या डब्या टेबलावर मांडल्या तेव्हा केल्प सापडलं.

कैरीताई, तू थायरॉइडची गोळी घेतेस म्हणून खास सांगते. डबीवर मागे बारीक अक्षरात केल्प, ब्लॅडररॅक किंवा 'सी व्हेजिटेबल' असं काही आहे का बघ. असेल तर नकोच. आणि इकडे ओरेगॉनच्या क्लॅमथ तलावातलं निळं-हिरवं शेवाळ विकतात. तो उघडा तलाव, हौदवालींनी सांगितलेल्या मायक्रोसिस्टिसचा तिथे त्रास होता, इतका की ओरेगॉनने १९९७ मध्ये एका ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन अशी मर्यादा घातली.

अबोली_नाशिक | ६ जून, सायंकाळी ६:२०

आणि मग चायना ग्रासचं काय? तेही समुद्री शेवाळच ना? उपासाला आम्ही त्याचा हलवा करतो.

पमी_परदेशी | ६ जून, सायंकाळी ६:३२

ते अगर. त्याचं काढलेलं नुसतं तंतुमय द्रव्य असतं, आयोडीन नगण्य. हलवा खा. साखर किती घालतेस ते मात्र स्टेथोवालींना सांगू नकोस.

स्टेथोवाली | ६ जून, रात्री ९:१५

वाचलं हं.

पमींच्या यादीत दोन भर. क्लोरेला हे खरं हिरवं शेवाळ, त्याची पेशीभित्ती जाड असते म्हणून डबीवर 'फोडलेली' असं लिहितात. त्यात व्हिटॅमिन के बरंच असतं, रक्त पातळ करायचं वॉरफरिन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये. दुसरं शेवाळाचं तेल. ती डबी कामाची असू शकते, कारण माशांना ओमेगा-३ शेवाळातूनच मिळतं. मासे न खाणाऱ्यांना तो सरळ रस्ता. पण कॅप्सूलमध्ये दोन-पाचशे मिलिग्रॅम असतात आणि ट्रायग्लिसराइड खाली आणायला दिवसाला दोन ते चार ग्रॅम लागतात. तेवढा डोस स्वतःच्या मनाने नको, त्याने काहींच्या हृदयाची लय बिघडते.

स्पिरुलिना कुणी टाळावं? ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड यांसारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार असलेल्यांनी, गाऊट किंवा युरिक ॲसिड वाढलेल्यांनी आणि फेनिलकीटोन्युरिया (प्रोटीनमधला एक घटक शरीराला न झेपणारा जन्मजात आजार) असलेल्यांनी. बाकीच्यांना तपासलेला माल थोडा खाऊन बहुधा अपाय नाही.

कैरीचं_लोणचं | ७ जून, रात्री ११:००

सगळ्यांचे आभार. एवढं तर मला कुणी समोर बसवूनही सांगितलं नव्हतं. तुम्ही आळशी झालेल्या नाही, हे वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, मी कधी म्हटलं? म्हटलं होतंस, गणपतीत.

डबीवर केल्प नाही. बॅचचा रिपोर्ट मैत्रिणीकडे मागितला, तिने वर विचारलं, वरून पीडीएफ आली. त्यात कंपनीच्या इमारतीचा फोटो आहे.

स्टेथोवालीताई, डबी नाही तर मग काय करू, तेवढं सांगा. "आहार-विहार" असं सांगू नका प्लीज.

स्टेथोवाली | ८ जून, रात्री १०:०५

बरं, नाही सांगत. दिवसभराचं खाणं लिहा.

कैरीचं_लोणचं | ८ जून, रात्री १०:२०

सकाळी चहा-खारी. दहाला पोहे किंवा उपमा. दुपारी तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. चारला चहा, दोन बिस्किटं. रात्री भात-आमटी, उरलेली भाजी. सोमवार आणि चतुर्थीला साबुदाणा.

स्टेथोवाली | ८ जून, रात्री १०:४८

यात प्रोटीन शोधायला मला सूक्ष्मदर्शक लागेल. आमटीत डाळ किती आणि पाणी किती हे तुम्हाला माहीत आहे.

वजन ६४ किलो धरलं तर दिवसाला ६०-६५ ग्रॅम प्रोटीनकडे जायला हवं. तुम्ही पस्तीसच्या वर नसाल. दहाच्या पोह्यांऐवजी मोडाची मटकी किंवा मूग, वरून पोहे मूठभर. पोह्यांवर मटकी नव्हे, मटकीवर पोहे. दुपारी दोन पोळ्या, भात वाटीभर, डाळ घट्ट, आणि दही. खारी-बिस्किटं आधी जाऊ देत, मूठभर दाणे-फुटाणे येऊ देत. रात्री जेवून लगेच पलंगावर नाही, पंधरा मिनिटं जिन्याखाली फिरून या.

आणि चालणं पुरणार नाही. झडलेला स्नायू चालून परत येत नाही, त्याला वजन उचलावं लागतं. साखर ओढून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे मांडीचा स्नायू. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, तीन फेऱ्या. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या दोन हातांत. आठवड्यातून तीन दिवस. आधी बीपी नीट मोजून घ्या, छातीत दुखत असेल तर आधी तपासणी.

आजी_ऑनलाइन | ९ जून, सकाळी ७:००

मी ६८ व्या वर्षी खुर्चीवरून उठाबशा काढते. पहिल्या दिवशी चार झाल्या आणि शेजारच्या सूनबाईला हाक मारावी लागली. आता तीस. पुढच्या महिन्यात गॅसचा सिलिंडर सरकवणार आहे.

कैरीचं_लोणचं | १४ सप्टेंबर, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. गोळ्या तीन आठवडे घेतल्या, मैत्रिणीच्या मनाखातर, मग बंद. वास सहन होईना. मटकीवर पोहे, खुर्ची, बाटल्या आणि रात्रीची फेरी मात्र चालू आहे, गणपतीचे दिवस सोडून. मोदक मोजले नाहीत.

आजचा रिपोर्ट : उपाशीपोटी साखर १०३, एचबीएवनसी ५.८, ट्रायग्लिसराइड १६८, एलडीएल १३९, एचडीएल ४३. घेर ८९. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण एलडीएलच्या गोळीबद्दल पुढच्या वेळी बोलू, बाबांना ५४ व्या वर्षी ॲटॅक आला होता म्हणून. ते मी या वेळी आपणहून सांगितलं.

आकडेमोड | १४ सप्टेंबर, रात्री १०:४०

अभिनंदन! आता नेहमीचं पाणी ओततो. तुम्ही एकदम चार गोष्टी बदलल्यात, त्यामुळे कशाने किती हे कुणालाच सांगता येणार नाही. तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी एचबीएवनसी उतरलं नसावं एवढं मात्र म्हणेन. ते गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं आणि गोळ्या जूनमध्येच संपल्या.

कैरीचं_लोणचं | १५ सप्टेंबर, दुपारी ३:३०

पाणी पोचलं. त्यावरूनच एक गोष्ट झाली ती लिहिते.

मैत्रिणीला रिपोर्ट पाठवला, आनंदाने. तिचा लगेच मेसेज, "दोन्ही रिपोर्टचे फोटो शेजारी-शेजारी लावून ग्रुपवर टाकू का? नाव झाकते." मी म्हटलं, अगं, मी गोळ्या तीनच आठवडे घेतल्या. ती म्हणाली, "ते कुठे लिहायचंय?" मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला नाही म्हटलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं.

आज सकाळी ती घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, कपाटात चौदा डब्या पडून आहेत, वरच्या बाईने महिन्याचं टार्गेट लावलंय. मग पर्समधून कागद काढला. तिचा स्वतःचा. उपाशीपोटी साखर १३८. गेलं वर्षभर ती रोज सहा गोळ्या घेतेय. म्हणाली, "तुझ्या त्या धाग्यावरच्या डॉक्टरीणबाईंना विचार ना."

स्टेथोवालीताई, विचारतेय.

स्टेथोवाली | १५ सप्टेंबर, दुपारी ४:०२

क्लिनिकच्या मध्येच लिहितेय. १२६ च्या वर म्हणजे मधुमेहाच्या हद्दीत, पण एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. उद्या परत उपाशीपोटी आणि एचबीएवनसी, लिपिड, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन. मग याच आठवड्यात डॉक्टर. रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही नाही. खूप तहान, लघवी, वजन झपाट्याने उतरणं यातलं काही असेल तर आजच दाखवा. घेत असलेल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्यायच्या, लपवायच्या नाहीत. आणि तिला रागावू नका.

कैरीचं_लोणचं | १५ सप्टेंबर, दुपारी ४:१०

नाही रागावत. उद्या सातला लॅब उघडते, दोघी जातोय. बाहेर बाकं आहेत, मी पाहून ठेवलीत.